जामीन कोण राहणार? गुहागर ते रीवा, खासगी पैशाची गोष्ट

लोकलमध्ये रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग अर्ध्यात अडकला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना माझ्या तोंडी आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी मजकूर तोच.

आजचा विषय ऐकायला जड आहे: जगाच्या विकासाची जी मोठमोठी उद्दिष्टं ठरली आहेत, त्यांच्यासाठी खासगी कंपन्यांचा, बँकांचा, फंडांचा पैसा कसा आणायचा? पण ‘अमुक राज्यात इतक्या हजार कोटींची गुंतवणूक येणार’ अशी बातमी तुमच्या फोनवर आठवड्यातून एकदा तरी येतेच. ती बातमी नीट वाचता यावी, एवढंच आज करायचंय. त्यासाठी दोन वीज प्रकल्प घेऊ. एक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला, दुसरा मध्य प्रदेशातला. दोन्हींत खासगी पैसा आला आणि दोन्हींत सरकारने हमी दिली. पहिला कोसळला, दुसरा चालला. असं का झालं, यातच सगळं उत्तर आहे.

आधी खड्डा केवढा आहे ते बघू

सप्टेंबर 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 17 शाश्वत विकास उद्दिष्टं मंजूर केली. गरिबी हटवणं, शिक्षण, पाणी, परवडणारी स्वच्छ वीज वगैरे, आणि मुदत 2030 ची. उद्दिष्टं छानच होती, पण आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्याच व्यापार आणि विकास संस्थेने, म्हणजे अंक्टाडने, 2014 मध्ये हिशेब मांडला होता की विकसनशील देशांना दरवर्षी सुमारे अडीच ट्रिलियन डॉलर कमी पडतात. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. 2023 मध्ये त्यांनी तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा तूट सुमारे 4 ट्रिलियनवर गेली होती. आता याच्या शेजारी श्रीमंत देशांची सरकारी मदत ठेवा. 2023 मध्ये ती सुमारे 22 हजार कोटी डॉलर होती. तूट मदतीच्या सतरा-अठरा पट!

म्हणून 2015 पासून एक घोषणा लोकप्रिय झाली: ‘बिलियनपासून ट्रिलियनपर्यंत’. जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि इतर विकास बँकांनी मिळून त्या वर्षी एप्रिलमध्ये याच नावाचं टिपण काढलं. त्यामागची कल्पना अशी, की सरकारी आणि विकास बँकांचा पैसा थोडा आहे, तर तो थेट खर्च करण्याऐवजी विरजणासारखा वापरायचा. थोडंसं घातलं की पातेलंभर खासगी पैसा लागला पाहिजे. या पद्धतीला ‘ब्लेंडेड फायनान्स’ म्हणतात.

ऐकायला मस्त वाटतं. पण विरजण काम कसं करतं, हे कोणी फारसं सांगत नाही. ते करतं जामीन राहून.

जामीनदाराची गोष्ट

गावच्या सोसायटीत किंवा पतसंस्थेत कर्ज काढताना जामीनदार लागतो, हे तुम्ही घरी पाहिलं असेल. तो एक रुपयाही देत नाही, फक्त सही करतो. पण त्या सहीमुळे कर्ज मिळतं, कधी कधी व्याजही कमी लागतं. आणि कर्जदार बुडाला, की नोटीस जामीनदाराच्या घरी.

विकासाच्या प्रकल्पांतही अगदी हेच चालतं. खासगी बँकेला सौरऊर्जेचं वावडं नसतं आणि गरिबांबद्दल आकसही नसतो. तिचा प्रश्न साधा असतो: पैसे परत येतील का? जमीन वेळेत मिळेल का? वीज तयार झाली पण तारच नसली तर? वीज विकत घेणारी सरकारी वितरण कंपनी बिल थकवेल का? पुढचं सरकार करार फाडेल का? या प्रत्येक ‘तर’ची बँक किंमत लावते आणि ती व्याजात घालते.

ही किंमत किती मोठी असते? मी एक साधा हिशेब केला. 100 कोटींचं कर्ज, 20 वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचं. व्याज 10 टक्के असेल तर हप्ता साधारण 11 कोटी 75 लाख. 12 टक्के असेल तर साधारण 13 कोटी 39 लाख. फक्त दोन टक्क्यांनी 20 वर्षांत जवळजवळ 33 कोटी जास्त जातात. यंत्रं तीच, ऊन तेच, वीज तेवढीच, आणि भीतीपोटी 33 कोटी! ते शेवटी वीज वापरणाऱ्याच्या बिलात येतात.

म्हणून कोणीतरी जामीन राहायला हवा, हे तत्त्व चुकीचं नाही. प्रश्न आहे तो कशाला जामीन राहायचं याचा. आता गुहागरला जाऊ.

दाभोळ: कोऱ्या कागदावरची सही

तुमच्यापैकी बरेच जण 2000 नंतर जन्मलेले. पण घरात आई-बाबांसमोर नुसतं ‘एन्रॉन’ म्हणून बघा, तासभर तरी ऐकायला मिळेल.

1991 नंतर देशात विजेची टंचाई होती आणि सरकारकडे पैसे नव्हते. परदेशी खासगी कंपन्यांनी येऊन वीजकेंद्रं उभारावीत, असं धोरण ठरलं. जून 1992 मध्ये एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदीचा करार. गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ दाभोळ प्रकल्प उभा राहू लागला. दोन टप्पे मिळून 2,000 मेगावॅटच्या वर क्षमता ठरली होती.

या करारात तीन गोष्टी होत्या.

पहिली, लिलाव झालाच नाही. कंपनी आणि सरकार समोरासमोर बसून दर ठरला. तो महाग की स्वस्त, हे ताडून बघायला दुसरी बोलीच समोर नव्हती.

दुसरी, वीज घ्या किंवा घेऊ नका, क्षमता तयार ठेवल्याबद्दलची ठरावीक रक्कम मंडळाने द्यायचीच. हे मेससारखं आहे. महिन्याची मेस 3,000 रुपये. तुम्ही 60 वेळा जेवलात तर ताट 50 रुपयांना पडतं. 20 वेळाच जेवलात तर तेच ताट 150 ला. मंडळाला वीज परवडेना म्हणून ते कमी घेऊ लागलं, आणि कमी घेतल्यामुळे घेतलेलं प्रत्येक युनिट आणखी महाग पडू लागलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. इंधनाचा भाव वाढला तर तो पूर्ण मंडळाच्या माथी, आणि देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 मध्ये तो 46-47 वर होता. मे 1999 मध्ये पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला आणि त्यानंतर जगभर तेल भडकलं. एका युनिटचा दर काही महिन्यांत 7 रुपयांच्या पुढे गेला.

या सगळ्यावर राज्य सरकारची हमी होती, आणि पहिल्या टप्प्यासाठी तिच्यावर केंद्र सरकारची काउंटर गॅरंटी. म्हणजे जामीनदाराने सही केली होती, पण कर्जाच्या रकमेची जागा कोरीच होती. ती रक्कम पुढे तेल आणि डॉलर भरणार होते.

धोक्याची घंटा आधी वाजली नव्हती का? वाजली होती. 1993 मध्येच जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. हा आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं तिचं मत होतं. 1995 मध्ये राज्यात नवं सरकार आलं, त्याने प्रकल्प रद्द केला, आणि 1996 मध्ये फेरवाटाघाटी करून पुन्हा मान्य केला. करारातली मूळ गोम मात्र तशीच राहिली.

फेब्रुवारी 2001 मध्ये बिल थकल्यावर कंपनीने थेट केंद्राच्या काउंटर गॅरंटीवर बोट ठेवलं. मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि केंद्र बंद पडलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. कर्ज देणाऱ्यांत स्टेट बँक, आयडीबीआय, आयसीआयसीआय अशा आपल्याच संस्था होत्या, म्हणजे पैसा शेवटी आपल्याच ठेवीदारांचा. 2005 मध्ये एनटीपीसी, गेल आणि या वित्तसंस्था मिळून नवी कंपनी काढावी लागली, तेव्हा कुठे त्या सांगाड्याचं पुढचं काम सुरू झालं.

नुकसान फक्त पैशांचं झालं नाही. भारतातल्या वीज मंडळांशी करार करताना ‘बिल थकलं तर काय?’ हा प्रश्न गुंतवणूकदारांच्या डोक्यात पक्का बसला. पुढे कित्येक वर्षं त्याची किंमत व्याजात मोजली गेली.

रीवा: हमी, पण मोजून-मापून

आता मध्य प्रदेशातल्या रीवा जिल्ह्यात या. इथे सुमारे 1,500 हेक्टरवर 750 मेगावॅटचा सोलर पार्क आहे. 250-250 मेगावॅटचे तीन भाग. पार्क उभारणारी कंपनी अर्धी मध्य प्रदेश सरकारच्या ऊर्जा विकास निगमची, अर्धी केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाची. सल्लागार होती आयएफसी, म्हणजे जागतिक बँक समूहातली खासगी क्षेत्राशी व्यवहार करणारी संस्था.

फेब्रुवारी 2017 मध्ये इथे उलटा लिलाव झाला. नेहमीच्या लिलावात बोली वर चढते, यात खाली उतरते. जो सगळ्यात कमी दरात वीज देईल तो जिंकला. बोली सलग 33 तास चालली! शेवटी महिंद्रा, अ‍ॅक्मे आणि सोलएनर्जी या तीन कंपन्यांनी एकेक भाग घेतला, पहिल्या वर्षाचा दर 2 रुपये 97 पैशांच्या आसपास. पुढची 15 वर्षं दरवर्षी 5 पैसे वाढ, आणि 25 वर्षांचा सरासरी हिशेब युनिटमागे 3 रुपये 30 पैसे. तोवर देशात सौरऊर्जेचा दर साधारण साडेचार रुपये होता.

हे कसं जमलं? आधीच्या बऱ्याच सौर प्रकल्पांत सरकार दर कमी ठेवण्यासाठी कंपनीला तूट भरून द्यायचं. रीवात कंपन्यांना तसं अनुदान दिलं नाही. जोखीम नीट वाटली. ज्याला जी पेलते, ती त्याच्याकडे.

सरकारी बाजूने काय घेतलं? जमीन. पार्कमधले रस्ते, सबस्टेशन आणि तारा, ज्यांच्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज आणि हवामानासाठीच्या एका आंतरराष्ट्रीय निधीचा सवलतीचा पैसा वापरला. पार्कच्या विकासाला केंद्राने 138 कोटींची मदत दिली. ग्रिडच बंद पडला आणि तयार वीज उचलता आली नाही, तर ठरावीक मर्यादेनंतर भरपाई. आणि बिल थकलं तर काय, याला एकाखाली एक तीन जाळ्या: आधी बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, मग बिलांसाठी बाजूला ठेवलेला निधी, आणि अगदी शेवटी राज्य सरकारची हमी.

कंपन्यांनी काय घेतलं? पॅनेल महाग पडले तर त्यांचं नशीब. काम लांबलं तर दंड त्यांना. वीज कमी तयार झाली तर तोटा त्यांचा. दर रुपयांत आणि आधीच ठरलेला. सौरऊर्जेत इंधन विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे तेल भडकलं म्हणून बिल वाढण्याचा प्रश्नच नव्हता.

ग्राहकही नीट निवडले. 76 टक्के वीज मध्य प्रदेशच्या वितरण कंपन्यांना आणि 24 टक्के दिल्ली मेट्रोला. रोज तिकिटांचा पैसा जमा करणारा ग्राहक यादीत असला की बँकेला शांत झोप लागते.

जुलै 2020 मध्ये पंतप्रधानांनी या प्रकल्पाचं औपचारिक लोकार्पण केलं.

आता सगळं श्रेय कराराला देणं बरोबर नाही. त्या काळात सौर पॅनेलच्या किमती जगभर घसरत होत्या. तीनच महिन्यांनी, मे 2017 मध्ये, राजस्थानातल्या भडला पार्कच्या लिलावात दर 2 रुपये 44 पैशांवर आला. पण पॅनेल स्वस्त होणं पुरेसं नसतं. स्वस्त पॅनेल आणि घाबरलेली बँक अशी जोडी असेल तर वीज महागच पडते.

आता दोन्ही प्रकल्प शेजारी ठेवा. हमी दोन्हीकडे होती. दाभोळच्या हमीने कंपनीची जवळजवळ सगळी जोखीम पुसली आणि बिलाला वरची मर्यादा ठेवली नाही. रीवाची हमी फक्त ‘ठरलेलं बिल थकलं तर’ एवढ्यापुरती होती, आणि ते बिल उघड स्पर्धेतून ठरलं होतं. मला वाटतं, खासगी पैसा चांगला की वाईट हा वाद घालण्याआधी एवढा फरक समजून घ्यायला हवा.

मग हे सगळीकडे का चालत नाही?

विजेचं बिल येतं, म्हणून वीज प्रकल्पाला कमाई असते. पाचवीतल्या मुलीला वाचता आलं तर त्याचं बिल कोणाला पाठवायचं?

यावर राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्यात एक प्रयोग झाला. 2015 ते 2018, एज्युकेट गर्ल्स ही संस्था, आणि सुमारे 7,300 मुलं. यूबीएस बँकेच्या ऑप्टिमस फाउंडेशनने सुमारे 2 लाख 70 हजार डॉलर आधी घातले. मुली शाळेत आल्या आणि मुलं खरंच शिकली, तरच लंडनमधली एक मुलांसाठी काम करणारी धर्मादाय संस्था ते पैसे नफ्यासह परत करणार होती. मोजमाप तिसऱ्याच संस्थेने केलं. निकाल जोरदार लागला: शिकण्याचं लक्ष्य 160 टक्के आणि पटनोंदणीचं 116 टक्के गाठलं. गुंतवणूकदाराला वर्षाला 15 टक्के परतावा मिळाला.

पण नीट बघा. पैसे घालणारीही दानशूर संस्था, परत करणारीही दानशूर संस्था. बाजारातला पैसा इथे आलाच नाही. प्रयोगाने एक मोलाची गोष्ट शिकवली, की खर्च किती झाला यापेक्षा मुलं किती शिकली ते मोजा. ट्रिलियनचा खड्डा मात्र याने भरत नाही.

गरीब देशांचं तर आणखी अवघड आहे. लंडनच्या ओडीआय या संस्थेने 2019 मध्ये हिशेब काढला. विकास बँकांच्या एका डॉलरमागे सरासरी फक्त 75 सेंट खासगी पैसा येतो. सगळ्यात गरीब देशांत तर 37 सेंटच. पातेलंभर दही लागणार होतं, पण विरजणाइतकंही लागलं नाही!

याचं कारण रीवातच दिसतं. तिथे जामीन राहायला मध्य प्रदेश सरकार होतं, मागे केंद्र, वीज वाहून न्यायला राष्ट्रीय ग्रिड, रुपयांत कर्ज देणाऱ्या बँका आणि दिल्ली मेट्रोसारखा ग्राहक. ज्या देशाचं सरकार स्वतःच कर्जात बुडालंय, त्याच्या सहीला किंमत किती? शिवाय तिथे कर्ज बहुधा डॉलरमध्ये घ्यावं लागतं. चलन घसरलं की दाभोळचीच गोष्ट नव्या भाषेत. म्हणजे ज्यांना पैशाची सगळ्यात जास्त गरज, तिथेच हा मार्ग सगळ्यात कमी चालतो. तिथल्या शाळा, दवाखाने आणि पाण्याच्या टाक्या यांना अजूनही अनुदान आणि करातून आलेला पैसाच लागतो. खासगी पैसा येईल या आशेवर ती मदत कमी झाली, तर त्या मुलांना दोन्हीकडून काहीच मिळणार नाही. मला खरी काळजी वाटते ती याची.

पुढची बातमी वाचताना

‘इतक्या हजार कोटींची खासगी गुंतवणूक’ अशी बातमी दिसली की मी चार गोष्टी शोधतो. तुम्हीही शोधून बघा.

एक, दर कसा ठरला? लिलावाने की बंद खोलीत?

दोन, सरकार कशाला जामीन राहिलंय? रकमेला वरची मर्यादा आहे का? हमी दिल्या दिवशी सरकारच्या तिजोरीतून काहीच जात नाही, म्हणून ती फुकट वाटते. बिल येतं दहा वर्षांनी, तेव्हाच्या करदात्यांना. म्हणजे तुम्हाला.

तीन, देणं रुपयांत आहे की डॉलरमध्ये?

चार, तोटा झाला तर कंपनीचं स्वतःचं काही बुडतं का? तिचं काहीच बुडत नसेल, तर जोखीम गायब झालेली नसते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढलेली असते.

बातमीत ही उत्तरं बहुधा मिळत नाहीत. पण वीज दराचे आदेश नियामक आयोगांच्या वेबसाइटवर असतात, मोठ्या हमींचे आकडे राज्याच्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत आणि कॅगच्या अहवालांत सापडतात. फोनवर उघडतात, फुकट आहेत, थोडे कंटाळवाणे आहेत, एवढंच.

तुमच्या भागात असा एखादा प्रकल्प असेल, पाण्याचा, रस्त्याचा, विजेचा, तर या चार प्रश्नांची उत्तरं शोधून मला व्हॉइस नोट पाठवा. त्यातला एखादा घेऊन आपण पुढे वेगळा भाग करू. भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर कोणाला जामीन राहायचं असेल, तर कागद पूर्ण वाचूनच सही करा!